टॅक्स सेलमध्ये जमीन घेतली, पण वरचं डबलवाइड कोणाचं?

पळसदरी · ९ मार्च

नमस्कार मंडळी, थोडी लांबड लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आम्ही ऑस्टिनला असतो. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी शेजारच्या एका काउंटीच्या कोर्टहाउसच्या पायऱ्यांवर टॅक्स सेल होता, म्हणजे थकलेल्या टॅक्सपायी कोर्टात दावा लावून केलेला जमिनींचा लिलाव (टेक्सासात हे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारीच असतात) तिथे मी एक एकराचा प्लॉट ४१,००० डॉलरला घेतला. प्लॉटवर डबलवाइड आहे, म्हणजे फॅक्टरीत दोन तुकड्यांत बनवून ट्रकवरून आणून जोडलेलं घर. लिलावाआधी रस्त्यावरून बघून आलो होतो, खाली विटांचं स्कर्टिंग, पुढे लाकडी डेक, मागे पेकनचं मोठं झाड. चाकं नाहीत, हिच (ओढून न्यायचा लोखंडी आकडा) नाही, कोणीही बघून पक्कं घरच म्हणेल. नुसती जमीन तिथे २२,००० च्या आसपास जाते, मी ४१,००० पर्यंत गेलो ते घर धरूनच गेलो.

१ मार्चला कॉन्स्टेबलचं डीड (लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याने दिलेलं खरेदीखत) रेकॉर्ड झालं. त्यात लॉट नंबर, ब्लॉक नंबर, सबडिव्हिजनचं नाव. घराबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं नसेल लिहीत. मग परवा बायकोने अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टॅक्ससाठी किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर सहज पत्ता टाकला तर त्या एका पत्त्यावर दोन खाती निघाली. एक जमिनीचं, ते आमचं. दुसरं "मोबाइल होम ओन्ली", किंमत ३८,०००, नाव वेगळ्याच माणसाचं, फक्त आडनाव जुन्या मालकिणीचंच. आणि त्या खात्यावर थकबाकी शून्य!

आता घर माझं की नाही? आत कोणीतरी राहतंय, संध्याकाळी दिवा असतो. मी अजून दार वाजवलेलं नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, दोन रात्री झोप नाहीये.

दत्ताकाका · ९ मार्च

अरे घाबरू नकोस. जमिनीला कायमचं जोडलंय ते जमिनीबरोबर जातं, हा साधा नियम आहे. चाकं काढली, विटा लावल्या म्हणजे घर स्थावर झालं. डीड हातात आहे ना, मग कुलूप बदल आणि मोकळा हो.

मेधा_ह्यूस्टन · १० मार्च

काका, माफ करा पण कुलूप बदलायला सांगू नका, उद्या पोलीस येतील. पळसदरी, कुठल्याच दाराला हात लावू नकोस.

मी वकील नाही, ह्यूस्टनला टायटल कंपनीत अकरा वर्षं एक्झामिनर आहे, म्हणजे मालकीचे कागद तपासते, फॅक्टरीत बनलेल्या घरांच्या फाइल्स आठवड्याला दोन-तीन येतात. काकांनी सांगितलं ते साइटवर बांधलेल्या घराला बरोबर आहे. फॅक्टरीतल्या घराचं तसं नसतं. ते जन्माला येतं गाडीसारखं, जंगम मालमत्ता म्हणून, आणि कागदावर कोणी बदलेपर्यंत जंगमच राहतं. विटा लावल्या, डेक ठोकला, तीस वर्षं एका जागी बसलं तरी टेक्सासात तेवढ्याने ते स्थावर होत नाही. त्याची मालकी काउंटीच्या डीडमध्ये नसते, ऑस्टिनला राज्याचं हाउसिंग खातं आहे ना, टीडीएचसीए, त्याच्या मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभागाकडे असते. त्या कागदाचं नाव स्टेटमेंट ऑफ ओनरशिप. मालकाने त्यात "रिअल प्रॉपर्टी" म्हणजे स्थावर निवडलं आणि त्याची प्रत काउंटीच्या जमिनीच्या रेकॉर्डला लावली, तरच घर जमिनीत मिसळतं. दोन्ही पायऱ्या लागतात. बऱ्याच लोकांनी पहिली केलेली असते आणि दुसरी राहिलेली असते.

आता तुझं डीड. टेक्सासच्या टॅक्स कोडमध्ये स्पष्ट आहे की या सेलमध्ये तुला मिळतो तो दाव्यातल्या प्रतिवादीचा त्या प्रॉपर्टीतला हक्क. म्हणजे ज्याच्यावर दावा होता त्याचं जेवढं होतं तेवढंच तुझ्याकडे आलं. घर भावाच्या किंवा मुलाच्या नावावर असेल आणि तो दाव्यातच नसेल तर त्याचं घर तुझ्याकडे यायला वाटच नाही. शिवाय घराच्या टॅक्सची थकबाकी नाही म्हणतोस, मग काउंटी घर विकेल तरी कशाच्या जोरावर.

आज तीन गोष्टी कर. डिस्ट्रिक्ट क्लार्ककडून (कोर्टाच्या फाइल्स त्याच्याकडे असतात) दाव्याची मूळ पिटिशन आणि जजमेंट काढ, घर विकलं असेल तर त्यात त्याचा लेबल नंबर आणि सिरियल नंबर, म्हणजे अशा घराचे ओळखीचे दोन नंबर, सहसा लिहिलेले असतात. दुसरं, टीडीएचसीएच्या साइटवर त्या दुसऱ्या नावाने सर्च मार, फुकट आहे, मालक दिसेल, लीन (कर्जाचा बोजा) दिसेल, टॅक्स लीन पण दिसेल. तिसरं, जमिनीच्या खात्यावर होमस्टेड एक्झेम्प्शन (मालक स्वतः तिथे राहतो म्हणून मिळणारी टॅक्सची सवलत) होतं का ते बघ, त्यावर जुन्या मालकाला पैसे भरून जमीन परत सोडवून घ्यायची मुदत ठरते. होमस्टेड असेल तर २ वर्षं, नसेल तर सहसा १८० दिवस, डीड रेकॉर्ड झाल्यापासून. आणि जुन्या मालकावर आयआरएसचं (केंद्राच्या इन्कम टॅक्स खात्याचं) लीन होतं का तेही बघून टाक, त्यांना वेगळे १२० दिवस मिळू शकतात.

रेवदंडा · १० मार्च

मेधाताई फार छान समजावलंत. वाचताना आमच्या गावची भानगड आठवली. आमचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आजोबांच्या नावावर, घरपट्टी आम्ही भरतोय, आणि खालच्या जागेचा सातबारा बघायला गेलो तर भलत्याच वारसांची नावं. घर एकाचं नि जमीन दुसऱ्याची हे कोकणात नवीन नाही. आणि गोव्यात तर मुंडकारांसाठी १९७५ सालचा कायदाच आहे, भाटकाराच्या जमिनीवर ज्याचं घर त्याला उठवता येत नाही. अमेरिकेत असलं काही असेल हे डोक्यात पण नव्हतं.

ओरलँडोकर · १० मार्च

फ्लोरिडाचं सांगतो, राज्याराज्यात वेगळं आहे. इथे घराचं टायटल गाडीसारखंच, गाड्यांचं जे खातं तेच देतं, आणि डबलवाइड असेल तर दोन तुकड्यांची दोन वेगळी टायटल्स! एक तुकडा नवऱ्याच्या नावावर नि दुसऱ्याचं टायटल हरवलेलं अशी केस मी स्वतः पाहिलीये. जमीन आणि घर एकाच मालकाचं असेल तर आरपी (रिअल प्रॉपर्टी) स्टिकर लागतो, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात चिकटवलेला असतो, नाहीतर दरवर्षी नवा करायचा एमएच (मोबाइल होम) स्टिकर. टॅक्स डीडच्या लिलावाआधी मी गाडी थांबवून पहिल्यांदा ती खिडकी बघतो. आरपी असेल तर घर जमिनीच्या टॅक्स बिलात असण्याची शक्यता मोठी. पण स्टिकर म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, टायटल रद्द करून रेकॉर्डला लावलंय का ते वेगळं बघायलाच लागतं.

केतकी७९ · ११ मार्च

एक बेसिक प्रश्न, मॉड्युलर होम पण यातच येतं का? आम्ही एक बघतोय.

मेधा_ह्यूस्टन · ११ मार्च

नाही केतकी. मॉड्युलर पण फॅक्टरीतच बनतं पण ते राज्याच्या नाहीतर गावाच्या बिल्डिंग कोडप्रमाणे बनतं आणि पक्क्या पायावर बसवतात, मग ते साध्या घरासारखं जमिनीबरोबर जातं. मॅन्युफॅक्चर्ड होम बनतं ते केंद्राच्या हड (गृहनिर्माण) खात्याच्या कोडप्रमाणे, स्वतःच्या लोखंडी चॅसिसवर. तो कोड १५ जून १९७६ पासून लागू आहे, त्याच्या आधीचं ते मोबाइल होम. ओळखायची खूण म्हणजे बाहेर भिंतीवर लाल पत्र्याची पट्टी, साधारण दोन इंच बाय चार इंच, प्रत्येक तुकड्याला एक. डबलवाइडवर दोन हव्यात.

पळसदरी · १४ मार्च

मेधा, तुझे मानावे तेवढे आभार कमीच. पिटिशन वाचली, पानभर जमिनीचं वर्णन, घराचं नावही नाही, प्रतिवादी एकच, जमिनीची मालकीण. टीडीएचसीएच्या साइटवर घर सापडलं, १९९८ चं, मालक तिचा भाऊ, निवड पर्सनल प्रॉपर्टी, म्हणजे जंगम. वर एका फायनान्स कंपनीचं लीन दिसतंय, ते पण १९९८ चं. होमस्टेड नाही, बाई ओक्लाहोमाला राहते. म्हणजे १ मार्चपासून १८० दिवस, २८ ऑगस्ट.

थोडक्यात घर माझं नाही. समजलं. खूप वाईट वाटतंय, जमवलेले पैसे होते.

सह्याद्री_डल्लास · १४ मार्च

माझं ऐक, शांत बस. १८० दिवस जाऊ देत, जमीन पक्की तुझी होईल, मग भावाला नोटीस दे की घर उचल नाहीतर भाडं दे. घर हलवायला परमिट, ट्रक, परत सेटअप, हजारोंनी खर्च येतो, तो वैतागून स्वस्तात तुलाच विकेल. सगळे इन्व्हेस्टर असंच करतात.

ग्रीनव्हिल_सुहास · १५ मार्च

सह्याद्री, मी त्या दुसऱ्या बाजूला होतो म्हणून लिहितोय. साउथ कॅरोलायनात जमिनीशिवाय नुसतं घर पण टॅक्स सेलला येतं. मी एक सिंगलवाइड (एकाच तुकड्याचं घर) घेतलं, पार्कमधलं, जिथे अशी घरं भाड्याच्या जागेवर उभी असतात. इथे सोडवायला १२ महिने मिळतात, तेवढा काळ घर जागचं हलवता येत नाही, आणि मालकाने सोडवलं तर व्याज तिमाहीप्रमाणे चढत जातं, ३, ६, ९, १२ टक्के. वर्ष संपलं, कोणी सोडवलं नाही, घर माझं झालं, आणि त्याच आठवड्यात पार्कवाल्याचं पत्र आलं की जागा रिकामी करा. घर माझं, जमीन त्याची. हलवायचं परमिट काढायचं तर आधी टॅक्स चुकता, आणि हलवणाऱ्याने साडेसात हजार सांगितले, घर घेतलेलं सहा हजारांना. शेवटी पार्कवाल्यालाच दिलं मिळेल त्या भावाने. कोणाला तरी वैतागवून स्वस्तात घेणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आत राहणाऱ्याचा विचार कर पळसदरी.

मेधा_ह्यूस्टन · १५ मार्च

मी सुहासशी सहमत. आणि पळसदरी, दोन गोष्टी पैशांच्या. पहिली, मुदत संपेपर्यंत त्या जमिनीवर सुधारणा म्हणून काही खर्च करू नकोस. सोडवून घेणारा तुला बोलीची रक्कम, रेकॉर्डिंग फी, तू भरलेले टॅक्स आणि खर्च देतो, त्या सगळ्यावर २५ टक्के, पण "खर्च" म्हणजे विमा, राखण, कोडप्रमाणे करायलाच लागणाऱ्या दुरुस्त्या एवढंच. नवीन कुंपण, नवीन रंग त्यात धरत नाहीत.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. थकबाकी आणि खर्च मिळून जजमेंट किती होतं? तू ४१,००० भरलेस. वरचे पैसे काउंटी ठेवत नाही, कोर्टात जमा असतात आणि इतर टॅक्सवाले, लीनवाले यांचं भागल्यावर जुन्या मालकिणीचे असतात, तिने २ वर्षांत अर्ज केला तर. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हेच सगळ्या देशाला सांगितलं, मिनियापोलिसच्या ९४ वर्षांच्या जेराल्डिन टायलर यांची केस. १५,००० च्या देण्यापायी काउंटीने कॉन्डो ४०,००० ला विकला आणि उरलेले २५,००० पण ठेवून घेतले, नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते चूक ठरवलं. टेक्सासात ही सोय आधीपासून आहे, पण लोकांना ठाऊकच नसते, कारण पत्रं जुन्या पत्त्यावर जातात.

पळसदरी · १५ मार्च

जजमेंट खर्चासकट ९,२०० होतं. म्हणजे ३१,८०० कोर्टात पडून आहेत??

मेधा_ह्यूस्टन · १५ मार्च

हो. आणि फाइलमध्ये बघ, तिला पाठवलेलं सर्टिफाइड पत्र परत आलंय का. आलं असेल तर तुझ्या डीडलाही तो धोका आहे. २००६ ची जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स, आर्कान्सॉची केस, लिटल रॉकमधलं घर. पत्र न उघडता परत आलं तर सरकारने हातावर हात ठेवून बसायचं नाही, साधं पत्र टाका, दारावर नोटीस लावा, जे शक्य ते करा, असं कोर्टाने सांगितलं. म्हणून तर टॅक्स डीडवर टायटल इन्शुरन्स द्यायला कंपन्या मागेपुढे करतात, आधी क्वाएट टायटलचा (कोर्टाकडून मालकी पक्की करून घ्यायचा) दावा लावून या म्हणतात.

पळसदरी · ७ एप्रिल

काल गेलो होतो, बायकोलाही घेऊन. दार एका आजींनी उघडलं, ऐंशीच्या वरच्या असतील, ऑक्सिजनची नळी लावलेली. त्यांना लिलाव झालाय हेच माहीत नव्हतं. त्यांनी मुलाला फोन लावला, तो पंधरा मिनिटांत पिकअप घेऊन हजर. सुरुवातीला दारातच हात बांधून उभा राहिला, स्वाभाविक आहे. मी म्हटलं, जमीन मी लिलावात घेतलीये, घर तुमचं आहे हे मला कळलंय, भांडायला आलो नाही, मला फक्त कागद बरोबर लावायचेत. तेव्हा आत बसवलं.

मग आम्ही दोघं मिळून घराचे नंबर शोधले, ते सांगतो कारण इथल्या कोणालाही उपयोगी पडेल. लाल पट्टी हिचच्या विरुद्ध टोकाला असते, घराच्या आतल्या फ्लोअरच्या पातळीपासून फूटभर वर. एका तुकड्याची मिळाली, रंगाखाली दबलेली, नखाने खरवडल्यावर तीन अक्षरं आणि पुढचे आकडे उमटले. दुसऱ्या तुकड्याची नव्हती, तिथे नवीन साइडिंग बसवताना कोणीतरी काढून टाकलेली, नुसती रिव्हेटची चार भोकं. मग त्याने स्कर्टिंगची जाळी काढली आणि आम्ही टॉर्च घेऊन खाली सरपटलो. खाली ओल्या मातीचा वास, कोळ्यांची जाळी. पुढच्या लोखंडी आडव्या पट्टीवर सिरियल नंबर ठोकलेला असतो, गंजाने झाकलेला. त्याने तारेचा ब्रश मारला, मी फोनने फोटो काढले, एका तुकड्याचा नंबर एने संपतो आणि दुसऱ्याचा बीने. आणि किचनमध्ये सिंकखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला डेटा प्लेट, म्हणजे घराची माहिती छापलेला पिवळा पडलेला कागद, त्यावर दोन्ही लेबलांचे नंबर! आजी म्हणाल्या इतकी वर्षं तिथे साबण ठेवतेय, कधी वाचला नाही.

निघताना त्याला ३१,८०० चं सांगितलं, बहिणीने कुठे अर्ज करायचा ते लिहून दिलं, आणि २८ ऑगस्ट ही तारीख पण लिहून दिली. सह्याद्री, तुमचा सल्ला मनापासूनचा होता, पण त्या बाईंसमोर बसून तारीख लपवणं मला जमलं नसतं.

सह्याद्री_डल्लास · ८ एप्रिल

मी त्यांना बघितलं नव्हतं. बरोबर केलंस.

मेधा_ह्यूस्टन · ८ एप्रिल

वाचून बरं वाटलं. त्याला सांग, हरवलेली लाल पट्टी हड परत देत नाही, आयबीटीएस नावाच्या संस्थेकडून लेबल व्हेरिफिकेशनचं (लेबल नंबरांची खात्री देणारं) पत्र मिळतं, सिरियल नंबर आणि बनवणाऱ्या कंपनीवरून. आणि १९९८ चं ते लीन बहुतेक फिटलेलं असेल, फक्त रिलीज (लीन सुटल्याचा कागद) कोणी पाठवला नसेल. जुन्या घरांना हे हमखास. कर्ज फिटल्याचं पत्र घरात कुठेतरी असेल, शोधायला लाव.

केतकी७९ · २ जुलै

काय झालं पुढे? मी रोज धागा उघडून बघते.

पळसदरी · २४ ऑगस्ट

उशीर झाला, सॉरी. जुलैत कोर्टाने बहिणीचा अर्ज मंजूर केला, वकिलाची फी जाऊन पैसे तिच्या हातात आले. उरलेले भावाने घातले. १९ ऑगस्टला काउंटीच्या टॅक्स ऑफिसमध्ये आम्ही तिघं भेटलो आणि तिने जमीन सोडवून घेतली. मला माझे ४१,०००, त्यावरचे १०,२५०, आणि रेकॉर्डिंग फी नि जमिनीचा लायबिलिटी विमा भरला होता तो, त्यावरच्याही २५ टक्क्यांसकट सगळं मिळालं. घराचा विमा मला कोणी दिलाच नव्हता, बरोबरच होतं. त्या १०,२५० मधून काही सोडू का असं मी विचारलं, ती नको म्हणाली, भावाने माझा हात धरला आणि म्हणाला तू आला नसतास तर सप्टेंबरमध्ये आईला कुठे नेलं असतं.

लीनचं मेधा म्हणाली तसंच, २०११ ला फिटलेलं, पत्र आजींच्या बायबलमध्ये होतं. आता तो रिलीज लावतोय, आणि जमीन नि घर दोघांच्या नावावर करून रिअल प्रॉपर्टीचा अर्ज भरायचं चाललंय. आयबीटीएसचं पत्र आलंय, ते त्याने डेटा प्लेटच्या बाजूला कपाटाच्या दाराला चिकटवलं.

रेवदंडा · २४ ऑगस्ट

डोळे भरून आले. गणपतीत गावी जातोय, आमचा सातबारा आणि नमुना ८ दोन्ही काढून आणतो यावेळी.

ओरलँडोकर · २५ ऑगस्ट

मस्त. आता परत घेणार का टॅक्स सेलमध्ये?

पळसदरी · २५ ऑगस्ट

घेणार. सप्टेंबरच्या यादीत अकरा प्लॉट आहेत, चारांवर अशी घरं आहेत. चारही पिटिशन काढून वाचल्या, एकीतच घराचे लेबल नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही आहेत आणि घराचा मालक पण प्रतिवादी आहे. उरलेल्या तिन्ही प्लॉटना हात लावणार नाही. त्या सबडिव्हिजनमध्ये जुन्या घरांना बंदी आहे का ते रेकॉर्डला बघायचं राहिलंय, ते निर्बंध लिलावानंतरही टिकतात ना मेधा?

मेधा_ह्यूस्टन · २५ ऑगस्ट

टॅक्सचं लीन लागलं त्या वर्षाच्या आधी रेकॉर्ड झालेले असतील तर टिकतात. तो सिरियल नंबर इथे उघड टाकू नकोस, मला मेसेज कर, सोमवारी बघून सांगते.